दुसऱ्या बाजूने आलेला फोन : एक विधानसभा सदस्य, एक क्षेत्रीय कार्यकर्ती आणि डिसेंबरातला एक दिवस

हिवाळी अधिवेशन आणि कापसाची वेचणी विदर्भात एकाच वेळी येतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे असे ठरले. ते बहुधा डिसेंबरात भरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वावरांत पऱ्हाटी फुटलेली असते, शाळांच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढलेली असते आणि घराघरांत दिवसा म्हातारी माणसे व पाळण्यातली लेकरे यांच्याखेरीज फारसे कोणी नसते. अधिवेशनाच्या आगेमागे विधिमंडळाच्या समित्या जिल्ह्यांत पाहणीसाठी येतात, तेव्हा त्यांना दिसणारे गाव त्या दिवसापुरते मजुरी बुडवून घरी थांबवलेले असते. पुढे मांडलेले प्रकरण अशा एका समितीच्या एका सदस्याचे आहे. समितीचा अधिकृत दौरा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी या सदस्याने बाल संरक्षणाचे काम करणाऱ्या एका कार्यकर्तीबरोबर पूर्ण दिवस घालवला. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य शिकवते आणि त्या दिवशी मी सोबत होते. बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाची मनाई असल्यामुळे गाव, तालुका, जिल्हा आणि माणसे यांची नावे येथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशीलही बदललेले आहेत.

दिवसाची सुरुवात खरे तर एका उत्तरातून झाली होती. या सदस्यांनी सभागृहात बालविवाहांविषयी तारांकित प्रश्न विचारला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधी झाल्याचे नोंदले आहे, तो आकडा त्यांनी प्रश्नात घातला होता. उत्तर आले, "हे अंशतः खरे आहे", आणि पुढच्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". विधिमंडळाची छापील उत्तरे वाचणाऱ्याला ही दोन्ही वाक्ये पाठ असतात. कोणता अंश खरा आहे हे कोणाला विचारायचे, असा त्यांचा साधा प्रश्न होता, आणि आमच्या महाविद्यालयातील एका कार्यक्रमानंतर चहा घेताना तो त्यांनी मला विचारला. मी म्हणाले, ज्या बाई हे काम करतात त्यांच्याबरोबर एक दिवस चाला. ते हो म्हणतील असे मला वाटले नव्हते.

कार्यकर्तीने मात्र लगेच होकार दिला नाही. तिने अटी घातल्या आणि मला त्या योग्य वाटल्या. ताफा नको, स्वीय सहायक नको, छायाचित्र नको. कोणत्याही घरात पद सांगायचे नाही आणि कोणालाही आश्वासन द्यायचे नाही. मुलाशी किंवा मुलीशी बोलणे चालू असेल तेव्हा बाहेर बसायचे. शेवटी, दौरा त्यांच्या मतदारसंघात होणार नाही, शेजारच्या तालुक्यात होईल, कारण स्वतःच्या मतदारसंघात आमदाराला कोणी पाहुणा समजत नाही. अंगरक्षकाने साध्या कपड्यांत बसस्थानकावर थांबावे असे ठरले. आमदारांनी सगळे मान्य केले, फक्त "आश्वासन द्यायचे नाही" या अटीवर ते किंचित हसले. तीन निवडणुका लढवलेल्या माणसाला ही अट सर्वांत जड जाणार हे त्यांना ठाऊक असावे.

या कार्यकर्तीचे पद समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मिशन वात्सल्य या केंद्रपुरस्कृत योजनेत प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. त्यात अधिकारी, समुपदेशक, दोन सामाजिक कार्यकर्ते अशी पदे आहेत, आणि सर्वांत खालच्या पायरीवर दोन क्षेत्रीय कार्यकर्ते आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्षेत्रीय कार्यकर्त्याचे मासिक मानधन १०,५९२ रुपये आहे. पदसंख्या जिल्ह्यामागे ठरते, क्षेत्रफळामागे नाही. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत, अमरावतीत १४. यवतमाळचा पसारा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे एका कार्यकर्तीच्या वाट्याला सात-आठ तालुके येतात आणि ती ते स्वतःच्या दुचाकीवरून फिरते. आमची कार्यकर्ती ११ महिन्यांच्या करारावर होती, आणि हा तिचा सहावा करार होता.

सकाळ

सकाळी साडेसातला आम्ही निघालो. मी कार्यकर्तीच्या गाडीवर मागे बसले, आमदार आमच्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलवर मागे. पहिले काम बालसंगोपन योजनेचे होते. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना घरीच वाढवता यावे म्हणून राज्य शासन या योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये देते. एका विधवा आईच्या दोन मुलांचा प्रस्ताव तयार करायचा होता. नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती.

घरी फक्त सासू होती. "सून वावरात जाऊन रायली, मॅडम. थे आता दिवस बुडल्यावरच येते." कार्यकर्तीला हे अपेक्षितच होते. ती गावाबाहेर वळली आणि आम्ही वावराच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहिलो. बाई पाठीला ओटी बांधून वेचत होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे ती बोलायला थांबली की तिची कमाई थांबते. कार्यकर्ती तिच्या ओळीत शिरली, तिच्याबरोबर वेचत वेचत बोलू लागली, आणि अर्ज भरण्याचे काम आमच्या विद्यार्थ्याने धुऱ्यावर बसून केले. प्रस्तावाचे हे काम कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत या रूपात सापडणार नाही, पण विदर्भात डिसेंबरात ते असेच होते.

इथे एक गोष्ट उघड झाली, जिच्याकडे आमदारांचे लक्ष मी वेधले नव्हते. त्यांनी ती स्वतः पकडली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एक लाखाच्या सानुग्रह मदतीसाठी प्रकरण गेले होते. या मदतीत ३० हजार रुपये थेट मिळतात आणि ७० हजार ठेवीत गुंतवले जातात. त्यासाठी बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे कर्ज दाखवावे लागते. या माणसाची उधारी कृषी केंद्राची होती आणि उरलेले पैसे मेहुण्याकडून हातउसने घेतलेले होते, म्हणून प्रकरण "अपात्र" ठरले. बाईने तो शब्द आपल्याला लागलेला कायमचा शिक्का समजला. आपण अपात्र आहोत, तेव्हा कोणत्याही योजनेत आपले नाव येणार नाही, या समजुतीने तिने दोन वर्षे कोणालाच काही विचारले नव्हते. बालसंगोपनाला कर्जाचा पुरावा लागत नाही, बाप नसणे पुरते, हे तिला पहिल्यांदा कार्यकर्तीने सांगितले. त्या दोन वर्षांत दोन मुलांचे मिळून एक लाखाच्या वर रुपये तिच्या हाती आले असते. आमदारांनी हा हिशेब मोठ्याने केला आणि मग गप्प झाले, कारण पात्र-अपात्र ठरवणाऱ्या बैठकांची इतिवृत्ते त्यांनी अनेकदा वाचली होती, आणि अपात्र ठरलेल्या घरात पुढे कोणी जायचे हे त्यांतल्या एकाही इतिवृत्तात नव्हते.

कागदांची यादी मी इथे पूर्ण देत नाही. त्यातल्या एकाच कागदाविषयी सांगते. प्रस्तावाला मुले आणि पालक यांचा घरासमोर काढलेला फोटो लागतो. मुले शाळेत, आई वावरात आणि घर गावात. तिघांना एका चौकटीत आणायचे तर कोणाची तरी मजुरी किंवा शाळा बुडते. कार्यकर्तीने सांगितले की ती असे फोटो सूर्योदयाच्या वेळी काढते आणि त्यासाठी तिला मुक्कामी यावे लागते. मुक्कामाचा भत्ता मिळतो का, असे आमदारांनी विचारले. तिने उत्तर न देता गाडीला किक मारली.

इथे माझी एक शंका नोंदवते. त्या बाईने "पाहुणे आले तं येऊ द्या" असे म्हणून आम्हाला उभे राहू दिले, पण दोन अनोळखी माणसे धुऱ्यावर उभी असताना तिला नाही म्हणण्याची खरीखुरी मोकळीक होती का? कार्यकर्तीवर तिच्या मुलांचा प्रस्ताव अवलंबून होता. अशा दौऱ्यांत संमती नेहमीच अशी वाकलेली असते, आणि आम्ही ती घेतली असे म्हणण्यापेक्षा आम्हाला ती मिळाली असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

दुपार

पावणेबाराला कार्यकर्तीचा फोन वाजला. १८ किलोमीटरवरच्या एका गावात दुसऱ्या दिवशी लग्न होते, मुलगी लहान होती, आणि त्याच संध्याकाळी हळद होती. खबर कोणी दिली हे मला माहीत आहे, पण मी ते लिहिणार नाही, कारण त्या व्यक्तीला त्याच गावात राहायचे आहे. बालविवाहाच्या कामात खबर देणाऱ्याचे नाव जपणे हे लग्न थांबवण्याइतकेच नाजूक असते, आणि "माहिती कोणी दिली?" हा प्रश्न गावकऱ्यांइतकाच अधिकारीही सहज विचारतात.

बालविवाह प्रतिबंधक अधिनियम २००६ चा आहे. त्याखाली मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. म्हणून कार्यकर्तीने पहिला फोन ग्रामसेवकाला केला. त्याच्याकडे तीन गावांचा पदभार होता. फोन स्पीकरवर होता. "मॅडम, मी पंचायत समितीत हाय. परवा समिती येऊन रायली ना, त्याची मीटिंग हाय. सायबांनी कोणाले हलू नोको म्हटलं." आमदारांनी मान वर केली. ते ज्या समितीचे सदस्य होते, तीच ही समिती. दुसरा फोन पोलीस ठाण्याला केला. तिथल्या दोन्ही महिला शिपाई नागपूरला अधिवेशनाच्या बंदोबस्तात होत्या; एक जमादार येऊ शकत होता, पण चारनंतर.

म्हणजे ज्या आठवड्यात कायदा करणारे लोक विदर्भात सर्वाधिक संख्येने असतात, त्याच आठवड्यात कायदा राबवणारे गावातून सर्वाधिक संख्येने हललेले असतात. हे वाक्य माझे आहे. आमदारांनी फक्त "हे आमच्या लक्षात येत नाही" एवढेच म्हटले.

वय सिद्ध करण्यासाठी शाळेचा दाखल खारीज रजिस्टरचा उतारा लागतो. बाल न्याय अधिनियमातही वयाच्या पुराव्यांत शाळेच्या नोंदीचा क्रम पहिला आहे. मुख्याध्यापक बाहेर होते, पण लिपिकाने रजिस्टर काढले. मुलगी १६ वर्षे ४ महिन्यांची निघाली. दहावी पास झाली होती, अकरावीला प्रवेश नव्हता. कार्यकर्तीने उतारा ओलसर हाताने घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "आता घरी जाऊन भांडण नाही करायचं. चहा प्यायचा."

घरासमोर मांडव घालणे चालू होते. वडील खलनायक नव्हते, आणि हे प्रकरण वाचणाऱ्यांनी ते तसे वाचू नये. आई चार वर्षांपूर्वी वारली होती. ते आणि मोठा मुलगा सकाळी वेचणीला जात, मुलगी आणि अर्धांगवायू झालेली आजी घरी. अकरावीसाठी तालुक्याला जायला हवे. मानव विकास कार्यक्रमातली मुलींची निळी बस राज्याच्या १२५ तालुक्यांत धावते आणि या तालुक्यातही धावते, पण ती फाट्यावर थांबते. फाटा गावापासून तीन किलोमीटर, मध्ये नाला, आणि हिवाळ्यात परतताना अंधार. "लोकं म्हणते पोरगी एकटी घरात राहते. उद्या काही झालं तं मी कोणाच्या दारी जाऊ, मॅडम? पोरगी माझी हाय, मी तिचं वाईट करीन काय?" कार्यकर्तीने त्यांचे बोलणे तोडले नाही. नंतर मात्र तिने कायदा नीट सांगितला: हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे; लग्न लावणारे, ठरवणारे, हजर राहणारे सगळे त्यात येतात; नवऱ्या मुलाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि एक गोष्ट तिने खालच्या आवाजात सांगितली, जी मी बहुतेक पुस्तिकांत वाचलेली नाही. लग्नानंतर मुलगी गरोदर राहिली आणि दवाखान्यात नोंदवली गेली, तर डॉक्टरला पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावेच लागते. पत्नी १५ ते १८ वर्षांची असेल तर पतीला बलात्काराच्या गुन्ह्यातून मिळणारा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजीच काढून टाकला आहे. त्या भीतीने घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत आणि बाळंतपण घरी उरकतात. "मंग तुम्ही तिले कुठं नेसाल, भाऊ?" या प्रश्नावर वडील पहिल्यांदा खाली बसले.

यानंतर कार्यकर्ती मुलीला घेऊन अंगणवाडीच्या खोलीत गेली. अटीप्रमाणे आम्ही दोघे बाहेर थांबलो. आमदार गोठ्याच्या कुडाला टेकून उभे होते, आणि तेव्हाच त्यांचा फोन वाजला. फोन त्यांच्या स्वीय सहायकाचा होता.

नवरदेवाचे गाव आमदारांच्या मतदारसंघात होते. मुलाच्या मामाने आमदारांच्या कार्यालयात फोन केला होता की शेजारच्या तालुक्यात कोणी मॅडम येऊन लग्न अडवून राहिल्या आहेत, घरची मंडळी आपली आहेत, तरी जरा बघा. स्वीय सहायकाने वर्षानुवर्षांच्या सवयीप्रमाणे जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावून "भाऊंनी सांगितलं आहे, जरा सबुरीनं घ्या" असे सांगूनही टाकले होते, आणि आता तो भाऊंना फक्त कळवत होता. आमदार काही बोलण्याआधीच अंगणवाडीच्या दारात कार्यकर्ती तिच्या फोनवर बोलताना ऐकू आली: "हो सर. वरून आला का? कोणाच्या नावानं? बरं सर."

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. दारिद्र्य, नापिकी, रस्ता, बस यांतले काहीच आमदारांना नवे नव्हते. ते कापूस पिकवणाऱ्या घरातले आहेत आणि गावच्या अडचणी त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा चांगल्या कळतात. नवे होते ते हे की कार्यकर्तीच्या कामाच्या वाटेत त्यांचे स्वतःचे नाव अडथळा म्हणून उभे होते, आणि ते त्यांनी उच्चारलेलेही नव्हते. लोकप्रतिनिधीकडे फोन येतो, त्यातला प्रत्येक फोन अन्यायाविरुद्धची दाद आहे असे गृहीत धरून कार्यालय तो पुढे ढकलते. लोकांची कामे करणे म्हणजे हेच, अशी विदर्भातच नव्हे तर सगळीकडेच राजकारणाची रीत आहे. पुढे ढकललेला फोन दुसऱ्या टोकाला कोणाच्या कानात पडतो, हे ऐकण्याची सोय सहसा नसते. त्या दुपारी दोन्ही टोके एकाच अंगणात होती.

त्यांनी कार्यकर्तीला सरळ सांगितले की तो फोन माझ्या कार्यालयाचा होता. तिला आश्चर्य वाटले असे दिसले नाही. "लिहून ठेवते मी, साहेब. तारीख, वेळ, कोणाचा. बाकी काम करायचं ते करते." त्यांनी लगेच जिल्हाधिकाऱ्यांना फोन लावण्याची तयारी दाखवली: गाडी मागवतो, पोलीस मागवतो, आत्ता अर्ध्या तासात सगळे येतील. तिने नको म्हटले. आज तुमच्या फोनने लग्न थांबले तर गाव म्हणेल आमदारांनी थांबवले, आणि पुढच्या महिन्यात मी एकटी आले की तेच लोक दुसऱ्या आमदाराला फोन लावतील, असे तिचे म्हणणे होते. मग काय करू, असे त्यांनी विचारले. "तुमच्या ऑफिसचा फोन तेवढा परत घ्या." त्यांनी तेवढेच केले. स्वीय सहायकाला पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे फोन करायला लावला आणि पहिला निरोप आपला नव्हता असे सांगायला लावले. त्यांनी जास्त करायला हवे होते, असे आमच्या वर्गात काही विद्यार्थी म्हणतात. मला कार्यकर्तीचा निर्णय बरोबर वाटतो, पण तो सोपा नव्हता, कारण गाडीची गरज खरी होती.

संध्याकाळ

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार ज्या मुलीचे लग्न कायदेशीर वयाआधी होण्याचा धोका समोर उभा आहे ती काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालक ठरते, आणि तिला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. "प्रवासाचा वेळ वगळून" हे शब्द कायद्यात आहेत, ही समज कायदा लिहिणाऱ्यांना होती. प्रवास कशाने करायचा हे मात्र त्यात नाही. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी, ९० किलोमीटरवर. शेवटची एसटी सव्वापाचला फाट्यावरून. कक्षाची भाड्याची गाडी दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात एका सापडलेल्या मुलाला घेऊन गेली होती. जमादार साडेचारला आला, पंचनाम्यासारखे कागद झाले, वडिलांनी हळद थांबवण्याचे लिहून दिले. पण नवरदेवाकडची दोन माणसे मोटारसायकलवर येऊन ओट्यावर बसली होती, आणि मुलीला रात्री त्याच घरी ठेवणे कार्यकर्तीला धोक्याचे वाटले.

आमदारांची स्वतःची गाडी १२ किलोमीटरवर उभी होती. तिने तीही नाकारली, आणि इथे तिचे कारण मुलीचे होते: उद्या गावात चर्चा मुलीची व्हायला नको, आमदाराच्या गाडीची तर नकोच. शेवटी फाट्यावरची एक काळी-पिवळी १,८०० रुपयांत ठरली. पैसे कार्यकर्तीने पर्समधून दिले. आमदारांनी पाकीट काढले, तेव्हा ती म्हणाली की बिल माझ्या नावाचे हवे, नाहीतर ते मंजूर होणार नाही. मुलगी, वडील, कार्यकर्ती आणि विनंती करून सोबत घेतलेली एक शेजारीण असे चौघे रात्री जिल्ह्याला पोचले. समितीची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यासमोरही बालकाला हजर करता येते. तसे करून मुलीची रात्रीची व्यवस्था बालगृहात झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी समितीसमोर सुनावणी झाली, वडिलांकडून हमीपत्र घेण्यात आले, मुलीला घरी सोडण्याचा आणि ती १८ वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा करण्याचा आदेश निघाला. सोळा वर्षे चार महिन्यांपासून अठरापर्यंत वीस महिने होतात. हे वीस महिने त्याच कार्यकर्तीच्या वहीत चढले.

परतीच्या वाटेवर आमदारांनी मला विचारले की मुलगी आत काय म्हणाली, तिला लग्न हवे होते का? मलाही ठाऊक नव्हते. नंतर कार्यकर्तीला त्यांनी हेच विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते अहवालात येईल, साहेब. समितीपुढे." सामाजिक तपासणी अहवाल नमुना २२ मध्ये लिहिला जातो आणि तो समितीच वाचते. कायदा करणाऱ्या माणसालाही त्या पानापर्यंत जाता येत नाही, आणि ते योग्य आहे. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

दोन दिवसांनंतर

विधिमंडळाच्या समितीचा अधिकृत दौरा त्याच तालुक्यात झाला. पंचायत समितीच्या आवारात रांगोळी होती, नव्या फलकांचा रंग ओला होता आणि सभागृहात शेवटच्या रांगेत कार्यकर्ती उभी होती. पडद्यावर जिल्ह्यात रोखलेल्या बालविवाहांचा आकडा दाखवला गेला. तो दोन दिवसांपूर्वीच्या आकड्यापेक्षा एकाने वाढलेला होता. आमदारांनी एकच प्रश्न विचारला: या शेवटच्या प्रकरणातली मुलगी जिल्ह्याला कशाने गेली? उत्तर देणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. पोलिसांच्या वाहनाने, असे कोणीतरी म्हणाले. त्यांनी ते दुरुस्त केले नाही. कार्यकर्तीकडे बघितलेही नाही. तिच्यावर नंतर काही येऊ नये म्हणून, असे त्यांनी मला सांगितले. माझे मत वेगळे आहे. सभागृहात नोंद झालेले चुकीचे उत्तर तसेच राहिले, आणि पुढच्या कोणा सदस्याच्या प्रश्नाला ते उत्तर म्हणून दिले जाऊ शकते.

मग त्यांनी काय केले? सुरुवातीला, सगळे करतात तसे, आमदार निधीतून काही देता येईल का ते त्यांनी पाहिले. तो निधी इमारती, रस्ते, साहित्य यांसारख्या टिकाऊ कामांसाठी असतो. मानधन, इंधन किंवा मुक्कामाचा भत्ता त्यातून देता येत नाही. फाट्यापासूनचा रस्ता त्यांच्या मतदारसंघात नाही. मिशन वात्सल्यची पदसंख्या केंद्राच्या सूचनांत ठरलेली आहे आणि खर्च केंद्र-राज्य ६०:४० वाटून घेतात, त्यामुळे आठ तालुक्यांना एक कार्यकर्ती हे प्रमाण एका सदस्याच्या पत्राने बदलत नाही. त्यांनी पदसंख्या क्षेत्रफळ आणि तालुक्यांच्या संख्येनुसार असावी असे लेखी सुचवले आहे, आणि समित्यांचे दौरे वेचणीच्या हंगामात व बंदोबस्ताच्या आठवड्यात ठेवू नयेत असेही. दुसरी सूचना बिनखर्चाची असल्यामुळे ती मान्य होईल असे मला वाटले होते. अधिवेशनच डिसेंबरात असते, असे उत्तर आले.

त्यांच्या हातात असलेली एक गोष्ट त्यांनी बदलली. त्यांच्या कार्यालयात येणारे फोन आता वहीत नोंदवले जातात, आणि बालविवाह किंवा मुलांवरील अत्याचार यांच्या प्रकरणांत कोणत्याही अधिकाऱ्याला निरोप द्यायचा नाही, फोन करणाऱ्याला १०९८ या बाल मदत क्रमांकाची माहिती द्यायची, असे स्वीय सहायकाला सांगितले आहे. पहिल्या महिन्यात असे चार फोन आल्याचे त्यांनी मला कळवले. चौथ्या फोनवाल्याने पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ असे सांगितले.

विधवा बाईचा बालसंगोपन प्रस्ताव फोटोसह सादर झाला आहे. काळी-पिवळीचे १,८०० रुपयांचे बिल पूर्वमंजुरी नसल्याच्या शेऱ्यासह परत आले. कार्यकर्तीने ते खुलासा जोडून पुन्हा पाठवले आहे. त्या मुलीला पाठपुराव्याची पहिली भेट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. घरी आजी होती. मुलगी वेचणीला गेली होती, म्हणून कार्यकर्ती गाडी ओट्याला लावून वावराकडे निघाली.